बारा स्पीडच्या गियर सेटसाठी २९,२५० घालवले

१२,००० आगाऊ. मग फ्रीहबचे, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या ज्या भागावर गियरच्या प्लेट चढतात त्याचे, ३,८००. मग उरलेले १२,५०० आणि कुरिअरचे ९५०. एकूण २९,२५०. तो माल सायकलला बसतो का हे बघायला मेकॅनिकला दिलेले १,२०० वेगळे. यातला एक पैसाही परत आलेला नाही. घरात अजून कुणाला खरा आकडा सांगितलेला नाही, सांगायची लाज वाटते. पण माझ्यासारखंच कुणीतरी आत्ता सेकंडहँड सेटचे फोटो मोठे करकरून बघत बसलं असेल, म्हणून लिहितेय.

माझी माउंटन बाइक ३×८ ची, म्हणजे पुढे तीन दातेरी प्लेट, मागे आठ. पुढे ४२-३२-२२ दात्यांच्या, मागे ११ ते ३४ च्या. चढावर जोर लावला की मागे चेन टणकन उडायची, गियर आपोआप बदलायचा. पुढे तर चिखलात चेन हमखास उतरायची आणि दर वेळी हात काळे करून ती चढवायला मी वैतागले होते. त्यामुळे १×१२ करायचं डोक्यात आलं ते मिरवायला नाही. पुढे एकच प्लेट, मागे बारा, गियर बदलायचा खटका (शिफ्टर) एकच, चेन प्लेटांवरून सरकवणारा डिरेल्युअर क्लचवाला, म्हणजे चेन ताणून धरणारा, चेन उतरायची भीती नाही. दोन महिने वाचत होते. १०-५१ ची कॅसेट, म्हणजे मागच्या प्लेटांचा संच, जुन्या फ्रीहबवर बसत नाही, तिला मायक्रो स्प्लाइन नावाचा वेगळ्या खाचांचा फ्रीहब लागतो, हेसुद्धा मला माहीत होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण "माहिती नसताना घ्यायला गेलीस कशाला" हे मी आतापर्यंत चार जणांकडून ऐकलंय. माहिती होती. तरी फसले.

पद्धत नेहमीचीच. जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर जाहिरात दिसली. नव्या सायकलवरून काढलेला सेट, जेमतेम दोनशे किलोमीटर चाललेला, मालक आता वायरलेस गियरवर गेलाय म्हणून विकतोय. किंमत २४,५००. फारच स्वस्त असता तर मी सावध झाले असते, पण नव्याच्या मानाने भाव बेताचाच कमी होता. विकणाऱ्याचं बोलणंही जाणकाराचं. चेनलाइन, बी-टेन्शन, केज किती लांब, गियरच्या जुळणीतलं सगळं न अडखळता. "ताई, अजून दोघं मागे लागलेत, पण तुम्ही खरंच चालवणाऱ्या वाटता, तुमच्यासाठी ठेवतो." ॲपवर कमिशन कापतात, थेट खात्यावर पाठवा म्हणाला. पाठवले १२,०००. ॲपच्या बाहेर पैसे पाठवू नका, कितीही गोड बोलला तरी. पुढे मदतीचं प्रत्येक दार याच एका कारणाने बंद झालं.

आता ती संध्याकाळ, जी आठवली की मला अजून झोप लागत नाही. तो म्हणाला, तुमच्या हबला मायक्रो स्प्लाइनचा फ्रीहब लागेल, माझ्याकडे आहे, ३,८०० वर द्या. मी म्हटलं, आधी कॅसेटचा मागच्या बाजूने फोटो पाठवा. दोन मिनिटांत फोटो आला. हिरवा टॉवेल, त्याच्या एका कोपऱ्याला इस्त्रीने जळल्याचा त्रिकोणी डाग, आणि वर पालथी ठेवलेली कॅसेट. मधल्या भोकात रुंद खाचा, त्यातली एक अरुंद. म्हणजे जुनी एचजी, जुन्या फ्रीहबवर बसणारी. मायक्रो स्प्लाइनला सगळीकडून बारीक बारीक, दाटीने दाते असतात. मी फोटो मोठा केला. मला ते दिसलं. मी लिहिलंसुद्धा, "या खाचा एचजीच्या वाटतात." त्याचं उत्तर, "ताई, अँगलमुळे तसं दिसतं. हातात आल्यावर बघाल."

अँगलने खाचा रुंद होत नाहीत! जो फ्रीहब तो मला ३,८०० ला विकत होता, तो त्याच्याच फोटोतल्या कॅसेटला बसणारच नव्हता, आणि या दोन्ही गोष्टी एकाखाली एक माझ्या स्क्रीनवर होत्या. त्यानंतर चार मिनिटांनी मी ३,८०० पाठवले. वेळ अजून तिथे दिसते, ७:४१ आणि ७:४५. का पाठवले? कारण १२,००० आधीच गेले होते. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे ते गेले हे कबूल करायचं, आणि ते माझ्याने होईना. दुसरं काहीही कारण नाही. त्याने भूल घातली वगैरे मी म्हणणार नाही.

उरलेले १३,४५० त्याने कुरिअरची पावती दाखवून घेतले. पावती खरी निघाली, खोकंही सहाव्या दिवशी आलं. मी जमिनीवर बसून कॅसेटच्या प्लेट तीनदा मोजल्या. अकरा. सगळ्यात लहान प्लेटला दाते अकरा, सगळ्यात मोठीला ४६, आणि आकड्यांवर ग्रीस फासलेलं. फ्रीहब नव्हताच. डिरेल्युअरची केज, म्हणजे चेन ताणणारा त्याचा हात, बोटाने ओढली तर सैल झुलली, क्लच मेलेला. त्याच्या छोट्या चाकांचे दाते झिजून सुईसारखे टोकदार. चेनमध्ये झीज मोजायचा गेज घातला तर ०.७५ ची बाजू सरळ आत गेली, आणि बाराची चेन ०.५ लाच बदलायची असते. दोनशे किलोमीटर म्हणे! खरा बाराचा होता तो फक्त शिफ्टर. अकराच्या कॅसेटवर तो चालत नाही, प्लेटांमधलं अंतरच वेगळं. मेकॅनिकने तासभर खटपट केली, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "मॅडम, हे जुळणारच नाही."

त्याच मेकॅनिकने मग माझ्या सायकलचा जुना हँगर, म्हणजे मागचा डिरेल्युअर ज्या पट्टीला अडकवतात ती, बघितला. डिरेल्युअर काढून तिथे हँगर सरळ आहे का ते बघायचा गेज बसवला आणि रिमच्या कडेने गोल फिरवला. वर टेकला, खाली बोटभर फट. मागे कधीतरी घसरून सायकल उजव्या अंगावर पडली होती, तेव्हाच वाकलेला. वीस मिनिटांत सरळ केला, आतली केबल बदलली, ३५० घेतले. चेन उडायची बंद झाली. सेट घ्यायचं पहिलं कारण ३५० मध्ये मिटलं. चेन उडते म्हणून गियर बदलायला निघाला असाल तर आधी हँगर, मग केबल, मग चेनची झीज. पाकीट त्यानंतर उघडा.

आणि चढाचं म्हणाल तर पुढचे दाते भागिले मागचे दाते असा भागाकार करा, मी केला नव्हता. उत्तर जितकं लहान तितका गियर हलका. माझा जुना सगळ्यात हलका गियर २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५. ज्याच्यासाठी एवढा जीव टाकला तो, पुढे एकच ३२ ची प्लेट धरून, ३२ भागिले ५१, म्हणजे ०.६३. सगळं खरं निघालं असतं तरी चढ जेमतेम तीन टक्क्यांनी हलका झाला असता. हातात आलं त्याचं, ३२ भागिले ४६, उत्तर ०.७०, जुन्यापेक्षा जड. वरच्या टोकाला, म्हणजे वेगाच्या गियरला, तर ४२ भागिले ११ हे ३२ भागिले १० पेक्षा कितीतरी मोठं. १×१२ वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मला जे हवं होतं त्यातलं निम्मं माझ्याच सायकलवर होतं.

आता मदतीचं ऐका. बँकेत गेले तर, "व्यवहार तुम्ही स्वतः केलाय, पिन तुम्ही टाकलाय, आम्ही परत आणू शकत नाही." मी म्हटलं, निदान समोरचं खातं गोठवा. पोलिसांचं पत्र आणा म्हणाले. पोलिसांकडे गेले. तिथे दीड तास बाकावर. मग प्रश्न, "वस्तू आली ना? मग फसवणूक कशी? ही मालाच्या दर्जाची तक्रार झाली." मी कॅसेट पिशवीतून काढून टेबलावर ठेवली, दाते मोजून दाखवले. ते म्हणाले, "मॅडम, सायकलच आहे ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सायकल असली म्हणून चोरी लहान होते का? २९,२५० हे २९,२५० च असतात. दुसऱ्या खेपेला सांगितलं, सगळ्या गप्पांच्या प्रिंट आणा. ४६ पानं काढून नेली. तिसऱ्या खेपेला आधीचे साहेब रजेवर, आणि नवीन साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगायचं. त्यांनी प्रिंट चाळल्यासुद्धा नाहीत. म्हणाले, खातं जिथलं आहे तिथे तक्रार करा. तिथे फोन केला तर म्हणाले, तुम्ही राहता तिथेच करा. नुसती टोलवाटोलवी. अर्जाची पोच मागितली तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काही लबाडी करतेय. तरी पोच घ्या, शिक्क्यासकट घ्या, तिच्याशिवाय बँक तुमच्याशी बोलतही नाही. ती घेऊन बँकेत गेले तोवर अकरा दिवस उलटले होते आणि त्या खात्यात काही शिल्लक नव्हतं. पैसे गेल्याचं कळलं त्याच तासाला बँकेला फोन करा. मी लाजेपायी दोन दिवस घालवले.

ॲपवाल्यांनी तक्रार एका दिवसात बंद केली. पैसे बाहेर दिले, आमचा संबंध नाही. विक्रेत्याचं नाव-पत्ता मागितला तर गोपनीयता. त्याची गोपनीयता जपायची, माझे पैसे कुणी जपायचे?

गेल्या आठवड्यात तोच फोटो नव्या नावाने पुन्हा आलाय. तोच हिरवा टॉवेल, तोच इस्त्रीचा डाग, तीच पालथी कॅसेट, जी या क्षणी माझ्या पलंगाखाली खोक्यात पडली आहे. या वेळी किंमत २३,०००. मी लगेच कळवलं, माझ्या घरातल्या कॅसेटचा फोटोही जोडला. उत्तर आलं, "या जाहिरातीत नियमांचं उल्लंघन आढळलं नाही." जाहिरात अजून तिथेच आहे. तो टॉवेल दिसला तर पैसे पाठवू नका.