पडद्याच्या कडेला उभी असलेली माणसे: ‘फिस्ट ऑफ फ्युरी’च्या घरगुती आवृत्त्या

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या गल्लीत गणेशोत्सवात मंडळाने भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला. त्या कॅसेटवर ‘द चायनीज कनेक्शन’ असे नाव छापलेले होते, परंतु आम्हा मुलांपैकी कोणालाही नावाची फिकीर नव्हती, कारण कॅसेट आणणाऱ्याने ‘ब्रूस लीचा पिक्चर’ एवढेच सांगितले होते आणि तेवढे पुरेसे होते. त्यानंतर हाच चित्रपट मी व्हीसीडीवर, मग डीव्हीडीवर आणि अलीकडे ब्लू-रेवर विकत घेतला. एका चित्रपटासाठी इतक्या वेळा खिशात हात घालणाऱ्याला घरचे काय म्हणतात ते येथे लिहीत नाही. पण कोणती आवृत्ती घ्यावी असे मला अधूनमधून विचारले जाते, म्हणून हा परीक्षणाचा प्रपंच.

प्रथम नावाचा घोळ निस्तरला पाहिजे, कारण त्यात माझे पैसे एकदा वाया गेले आहेत. ब्रूस लीचा हाँगकाँगमधला पहिला मोठा चित्रपट ‘द बिग बॉस’ 1971 साली आला आणि दुसरा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ 1972 साली. हे दोन्ही चित्रपट 1973 मध्ये अमेरिकेत गेले तेव्हा तिथे नावांची अदलाबदल झाली. अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापारावरच्या पहिल्या चित्रपटाला शोभेल असे ‘चायनीज कनेक्शन’ हे नाव दुसऱ्याला चिकटले आणि पहिला तिकडे ‘फिस्ट्स ऑफ फ्युरी’ या अनेकवचनी नावाने लागला. पुढे अमेरिकी प्रतींवरून निघालेल्या कॅसेटी आणि तबकड्या जगभर याच उलटसुलट नावांनी फिरल्या. बेळगावात खडे बाजारातल्या एका दुकानातून मी मोठ्या हौसेने ‘फिस्ट्स’ घरी नेला आणि पाहतो तो थायलंडमधला बर्फाचा कारखाना. तोही चित्रपट वाईट नाही, पण मला हवा होता तो शांघायचा सूड. तेव्हा वेष्टनावर ‘फिस्ट’ला शेवटी ‘स्’ आहे की नाही ते पाहून घ्यावे, आणि मागच्या बाजूला बर्फाच्या लाद्या दिसल्या तर तबकडी परत ठेवावी.

कथानक दोन वाक्यांत मावते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शांघायमध्ये जिंगवू या तालमीचे वस्ताद हुओ युआनजिया अचानक मरण पावतात, त्यांचा पठ्ठा चेन झेन परगावाहून धावत येतो, मृत्यू जपानी आखाड्याने करवलेल्या विषप्रयोगाने झाल्याचा त्याला शोध लागतो आणि तो एकेकाला गाठून मारत सुटतो. यातले वस्ताद खरे होते. ते 1910 साली शांघायमध्येच वारले आणि त्यांच्या नावाशी जोडलेली जिंगवू संस्थाही त्याच वर्षीची आहे. चेन झेन मात्र दिग्दर्शक लो वेई यांच्या या चित्रपटाच्या पटकथेतून जन्माला आलेला आहे. मी येथे मुद्दाम ‘वस्ताद’ आणि ‘तालीम’ हे शब्द वापरतो आहे, कारण परदेशी समीक्षेत ज्याला मार्शल आर्ट्सची शाळा म्हणतात ती गोष्ट आपल्याकडे बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. वस्तादाच्या तसबिरीला हार घालून मगच मातीत उतरणारी पोरे ज्याने पाहिली आहेत, त्याला पहिल्याच प्रसंगात चेन झेन भर पावसात कबरीत उडी मारून शवपेटीला का कवटाळतो हे लगेच कळते. तो इतका अनावर होतो की अखेर डोक्यात फावडे घालून त्याला बेशुद्ध करावे लागते.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. हा चित्रपट रुंद पडद्यासाठी चित्रित झालेला आहे; त्याच्या चौकटीची रुंदी उंचीच्या 2.35 पट आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचाची चौकट 1.33 पट असे. संचाचा काच-पडदा पूर्ण भरावा म्हणून कॅसेट आणि व्हीसीडी काढणाऱ्यांनी दोन्ही कडा कापल्या, म्हणजे हिशेबाने जवळपास 43 टक्के चित्र टाकून दिले. बाकीच्या दृश्यांत हे चालूनही जाते. पण जपानी आखाड्यातला तो प्रसिद्ध प्रसंग पाहा: चेन झेन मध्ये उभा आहे आणि भोवती जपानी विद्यार्थ्यांचे कडे पडले आहे. कापलेल्या आवृत्तीत हे कडे दिसतच नाही. मधला माणूस दिसतो, कोठून तरी एक हात येतो, एक पाय येतो, कोणीतरी पडते. कडे पूर्ण दिसले की तो कोणाकडे पाहत नाही आणि कोणावर नजर ठेवून आहे हे उमगते, आणि मारामारीतली आखणी कळू लागते. ब्रूस लीचे नानचाकू, म्हणजे साखळीने जोडलेले दोन दांडके, मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा याच चित्रपटात फिरले. कापलेल्या चौकटीत त्यांचे टोक दर वेळी बाहेर जाऊन परत येते, जणू दाव्याला बांधलेले वासरू. ब्रिटनमधील जुन्या व्हिडिओ आवृत्त्यांत तर नानचाकूंचे भाग तिथल्या सेन्सॉरने कापूनच टाकले होते, त्यामुळे त्यांवरून निघालेल्या प्रतींच्या वाटेला जाऊ नये.

व्हीसीडीचे आणखी दोन दोष सांगतो. त्या तबकडीवर चित्राचे बिंदू आडवे 352 आणि उभे 288 एवढेच मावतात आणि एका तबकडीत साधारण सव्वा तासाचाच मजकूर बसतो. म्हणून चित्रपट दोन तबकड्यांवर येई आणि ऐन रंगात उठून तबकडी बदलावी लागे. दुसरा दोष बिंदूंच्या तोकडेपणाचाच आहे. शेवटाकडे पेट्रोव्ह नावाच्या रशियन पहिलवानाशी होणाऱ्या झुंजीत ब्रूस ली हात संथपणे फिरवतो आणि प्रत्येक हातामागे त्याच्याच सावल्यांची रांग उमटत जाते. छायाचित्रणाची ही करामत ज्या प्रेक्षकाला चांगल्या प्रतीत दिसली तो क्षणभर श्वास रोखतो. माझ्या व्हीसीडीवर त्या जागी राखाडी चौकोनांचा ढीग दिसत असे आणि तबकडी खराब झाली असे समजून मी ती बनियनच्या टोकाने पुसत असे. पेट्रोव्ह झालेला रॉबर्ट बेकर हा प्रत्यक्षात ब्रूस लीचाच शिष्य होता.

डीव्हीडीने कडा परत दिल्या, पण एक खोड शिल्लक ठेवली. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रे दाखवली जातात आणि चित्रपट 24 च्या गतीने घेतलेला असतो. बहुतेक पाल तबकड्यांवर ही तफावत मिटवण्यासाठी सगळा चित्रपटच चार टक्क्यांनी वेगाने पळवतात, त्यामुळे 106 मिनिटांचा चित्रपट 102 मिनिटांच्या आत संपतो. मारामारीत हा वेग खपून जातो, किंबहुना ब्रूस ली अधिकच चपळ भासतो. खटकतो तो आवाज. सगळे किंचित वरच्या पट्टीत बोलतात आणि जोसेफ कू यांचे शोकगंभीर संगीत लग्नघाईत असल्यासारखे वाजते. ब्लू-रेवर गती मुळाबरहुकूम आहे. इतक्या वर्षांनी ब्रूस लीची ती ओरड योग्य पट्टीत ऐकताना मला आधी वाटले की प्लेअर मंदावला आहे.

2020 साली क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने ब्रूस लीचे पाच चित्रपट एका संचात काढले; त्यातला ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ 4के (आडवे सुमारे चार हजार बिंदू) पुनरुज्जीवनावरून घेतलेला आहे. मी जो बसून पाहिला तो हा. चित्र स्वच्छ आहे, पांढऱ्या शोकवस्त्रांचा पोत दिसतो, लाकडी तालमीची फळी न् फळी मोजता येते. घरातल्या काही दृश्यांत मला हळदीसारखी पिवळसर झाक जाणवली आणि ती खटकली. आवाज मूळ एकपदरी (मोनो) आहे आणि मँडरिन चिनी व इंग्रजी असे दोन्ही पर्याय आहेत. त्या काळच्या हाँगकाँगच्या प्रथेप्रमाणे संवाद नंतर ध्वनिमुद्रित केलेले असल्यामुळे ओठ आणि शब्द कोणत्याच भाषेत नेमके जुळत नाहीत. तरीही मँडरिनच निवडावी, कारण इंग्रजीत सगळेच कोणाशी तरी हुज्जत घालत असल्यासारखे बोलतात.

येथे खरेदीदाराला सावध करणे भाग आहे. ब्लू-रे तबकड्यांवर प्रदेशाची कुलपे असतात: अमेरिका आणि हाँगकाँग ‘ए’, युरोप ‘बी’ आणि भारत ‘सी’. क्रायटेरियनची तबकडी ‘ए’ची आहे. मला ती विकणाऱ्याने ‘कुठल्याही प्लेअरवर चालते’ असे छातीठोकपणे सांगितले होते. घरी माझ्या प्लेअरने ती तोंडात घेतली आणि थुंकून टाकली. विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले आणि मला सर्व प्रदेशांचा प्लेअर वेगळा घ्यावा लागला, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज जड झाले. 4के यूएचडी तबकड्यांवर मात्र असे कुलूप नसते. ब्रिटनच्या अ‍ॅरो कंपनीने 2023 मध्ये ब्रूस लीच्या गोल्डन हार्वेस्ट या हाँगकाँगच्या निर्मितीसंस्थेच्या काळातील चित्रपटांचा 4के संच काढला आहे. ज्याच्याकडे तसा प्लेअर आधीपासून आहे त्याने तोच घ्यावा हे शहाणपणाचे. तबकडी आणि प्लेअर यांचा मेळ घरी आणण्यापूर्वी लावावा, पत्रिका जुळवतात तसा.

सीमाभागातला मराठी माणूस हा चित्रपट पाहतो तेव्हा त्याची नजर फलकांवर अडकते, आणि चित्रपटात दोन फलक आहेत. पहिला चौकटीत मढवलेला आहे: ‘पूर्व आशियाचे रोगी’ अशा अर्थाची चार चिनी अक्षरे. वस्तादाच्या दुखवट्यात जपानी आखाड्याची माणसे तो भेट म्हणून आणतात. चेन झेन एकटाच तो परत घेऊन जातो, सगळ्यांना लोळवतो, काच फोडतो आणि त्यांच्याच दोघांना तो कागद चावायला लावतो. या वेळी कागद खा, पुढच्या वेळी काच खावी लागेल, असे बजावून निघतो. दुसरा फलक उद्यानाच्या फाटकावर आहे, कुत्र्यांना आणि चिनी माणसांना प्रवेश नाही असे सांगणारा. शांघायच्या त्या उद्यानाच्या नियमावलीत कुत्र्यांची बंदी आणि परकीयांपुरता प्रवेश ही दोन वेगळी कलमे होती. चिनी लोकांना तिथे 1928 मध्ये प्रवेश मिळाला. लोकांच्या मनाने मात्र दोन्ही कलमे जोडून एकच ओळ केली आणि चित्रपटाने तीच ओळ रंगवली. चेन झेन तो फलक हवेत उडवून लाथेने फोडतो. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवरचा, 2014 मध्ये काढून टाकलेला ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांना फलकावरची अक्षरे माणसाला किती लागू शकतात हे वेगळे सांगायला नको.

पण त्याच फाटकावर आणखी एक माणूस उभा आहे आणि तो मला रुंद चौकटीतच नीट दिसला: चेन झेनला अडवणारा पहारेकरी फेटा बांधलेला शीख आहे. शांघायच्या परकीय वसाहतीत इंग्रजांनी शीख शिपाई नेमले होते, त्यामुळे हे इतिहासाला धरून आहे. आमच्या मंडळात या प्रसंगाला शिट्ट्या पडत तेव्हा त्या फेट्याकडे कोणाचे लक्ष गेल्याचे मला आठवत नाही. हुकूम एकाचा, फाटक दुसऱ्याचे आणि हात आडवा करणारा आपल्यातला. दुभाष्याची व्यक्तिरेखाही याच जातीची आहे: अपमान जपान्यांचा, पण तो पोहोचवणारे तोंड चिनी. दोन-तीन भाषांत रोज वावरणाऱ्या आपल्या गावात असा एखादा सर्वांच्या ओळखीचा असतो.

दोष नाहीत असे नाही. जपानी माणूस म्हणजे मिशा, दारू आणि दुष्टपणा यांपलीकडे लेखकाला काही सुचलेले नाही. मधला पाऊण तास सैल आहे. वेषांतराचे प्रसंग मात्र मजेचे आहेत. दूरध्वनी दुरुस्त करणाऱ्या बावळट कारागिराच्या सोंगात ब्रूस लीला पाहून हा माणूस विनोदी भूमिकाही किती सहज करू शकला असता असे वाटते. 1973 च्या जुलैमध्ये वयाच्या 32 व्या वर्षी तो गेला.

ब्लू-रे आल्यावर मी तो शेजारच्या आण्णांना दाखवला. आण्णा जुने पहिलवान. त्यांनी पूर्वी हा चित्रपट कापलेल्या रूपात दोनदा पाहिला होता. तबकडीवर मराठी उपशीर्षके नाहीत आणि इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, म्हणून दुभाष्याचे काम त्या रात्री माझ्याकडे आले. चेन झेन शत्रूच्या घरात शिरलेला असताना जपानी माणसे जिंगवूवर तुटून पडतात, आणि तो परततो तेव्हा त्याचे गुरुबंधू जमिनीवर चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पडलेले असतात. कॅसेटवर आणि व्हीसीडीवर आम्हाला त्यांतले दोघे-तिघेच दिसत. मग उरलेल्यांना हात लावणार नाही या अधिकाऱ्याच्या शब्दावर तो स्वतःला स्वाधीन करतो, दारातून बाहेर पडतो, रोखलेल्या बंदुकांवर झेप घेतो, चित्र हवेतच गोठते आणि गोळ्यांचा आवाज तेवढा येतो.

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोरगं गेलं ते दिसलं रे. पण तालीम राह्यली काय न्हाई, ते सांग की.”