सुताराच्या हातची चौकट की चौकटीसकट आलेला दरवाजा?

घरातल्या आतल्या खोल्यांना दारे बसवायची तर आपल्याकडे सध्या दोन वाटा आहेत. गवंड्याने भिंतीबरोबरच सागवानी चौकट उभी करायची आणि गिलावा व फरशी आटोपल्यावर सुताराने तिच्यात फ्लश डोअरचा (दोन्ही बाजूंनी सपाट फळीच्या दाराचा) पल्ला बसवायचा, ही पहिली. चौकट, पल्ला आणि बिजागऱ्या कारखान्यातच जोडून आलेला अख्खा दरवाजा भिंतीत सोडलेल्या जागेत उभा करायचा, ही दुसरी. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या घरी दोन्ही प्रकार आहेत. तळमजल्यावर सुताराकडून करून घेतलेली दारे आहेत, तर चार वर्षांनी वर चढवलेल्या मजल्यावर तयार दरवाजे, डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या) चौकटीचे.

सुताराच्या कामाचे गुण मी नाकारणार नाही. जागा वेडीवाकडी असली तरी तो मापाप्रमाणे सारे करून देतो आणि पावसाळ्यात पल्ला फुगून घासू लागला तर रंधा मारून मोकळा करतो. (जुलैत रंधा मारलेल्या त्याच पल्ल्याला एप्रिलमध्ये बोटभर फट दिसते, हेही खरे.) गावातल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या जाडजूड मातीच्या भिंतींना तर तयार चौकटीची रुंदी पुरतच नाही, तिथे सुतारच हवा.

तयार दरवाजे घेण्याचा माझा निर्णय मात्र लाकडाच्या प्रतीवरून झाला नाही. तो झाला तळमजल्यावरच्या मधल्या दारामुळे, कारण ते दार जिथे सोडावे तिथे थांबत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत आमच्या पुढच्या खोलीत रात्रभर कूलर चालतो, आणि त्याची हवा मागे आईच्या खोलीपर्यंत पोचून तिच्या खिडकीतून बाहेर पडायची असेल तर मधले दार सताड उघडे लागते. हवेला वाट मिळाली नाही की कूलरचा गारवा जाऊन नुसता दमटपणा उरतो. आम्ही दार उघडे टाकून निजतो आणि तासाभरात ते आवाज न करता परत येऊन चौकटीला टेकते. मग आई अंधारात उठते, दार मागे लोटते आणि पाट्यावरचा वरवंटा त्याला टेकवते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने रात्री दोनदा-तीनदा वाकून दगड सरकवावा, हे मला सलत राहिले.

शेवटी ओळंबा लावून पाहिला, तेव्हा बिजागरीच्या बाजूचा खांब सात फुटांत सुमारे आठ मिलिमीटर कलल्याचे दिसले. वरची आणि खालची बिजागरी एका उभ्या रेषेत नसली की पल्ला आपल्याच वजनाने उताराकडे जातो. सुताराने बिजागरीची खीळ किंचित वाकवून घट्टपणा आणला. तो दीड महिना टिकला. चौकटीचे होल्डफास्ट (तिला भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) भिंतीत काँक्रीटने पक्के झालेले असल्यामुळे, भिंत फोडल्याशिवाय ती सरळ करण्याचा मार्ग राहिलेला नाही.

यात दोष कुणा एकाचा आहे असे मला वाटत नाही. चौकट गवंडी उभी करतो, पल्ला सात-आठ महिन्यांनी सुतार लावतो. मधल्या काळात तिच्यावर पाणी मारले जाते, ऊन पडते, घमेल्यांचे धक्के बसतात. त्यात आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पायाही थोडा हलला असेल. पण चौकट आणि पल्ला एकत्र तपासण्याची वेळ येते, तेव्हा दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते, हीच या पद्धतीची खरी अडचण आहे.

तयार दरवाज्यात ही तपासणी पक्के करण्याआधी होते. वरच्या मजल्यावरचा पहिला दरवाजा मी आणि मेहुण्याने मिळून बसवला. भिंत आणि चौकट यांच्यात दोन्ही बाजूंना साधारण 10 ते 12 मिलिमीटर जागा होती. आधी बिजागरीची बाजू ओळंब्यात आणली, प्रत्येक बिजागरीच्या मागे समोरासमोरून दोन-दोन पाचरी ठोकल्या आणि तिथेच स्क्रू घेतले. मग पल्ला अर्धा उघडून सोडला. तो थोडा पुढे आला, तेव्हा खालची पाचर जराशी सैल करून वरची आत सरकवली आणि पुन्हा सोडला. तो जागच्या जागी उभा राहिला. त्यानंतर कुलपाची बाजू घेतली, पल्ल्याभोवतीची फट सगळीकडे तीन मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत पाचरी हलवल्या, आणि मगच भिंत व चौकट यांच्यातल्या जागेत फोम भरला. फोम कमी फुगणाराच घ्यावा, कारण साधा फोम फुगताना चौकटीला आत ढकलतो.

या दरवाज्यांचीही काही बंधने आहेत. पल्ला डावीकडे उघडणार की उजवीकडे, हे मागणीच्या वेळीच सांगावे लागते. आमचा एक दरवाजा उलट्या हाताचा आला आणि बदलून मिळेपर्यंत तीन आठवडे त्या खोलीला पडदाच होता. खर्च मला थोडा अधिक आला. डब्ल्यूपीसीला वाळवी लागत नाही आणि ते पाण्याने फुगत नाही, पण उष्णतेने प्रसरण पावते, म्हणून पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या बाहेरच्या दाराला मी आजही सागवानच लावीन. ज्यांचा सुतार खात्रीचा आहे आणि चौकट उभी करताना जे स्वतः हजर राहू शकतात, त्यांना कदाचित माझ्यासारखा अनुभव येणारही नाही.

तरीही आतल्या खोल्यांसाठी तयार दरवाज्याकडे वळणार असाल, तर माप फरशी आणि गिलावा झाल्यावरच घ्यावे. उंची दोन्ही कडांना आणि रुंदी वर, मध्ये व खाली मोजून सर्वांत कमी भरलेले माप धरावे, आणि भिंतीची जाडी गिलाव्यासकट लिहून द्यावी. आमच्या मधल्या दाराची चौकट येत्या दिवाळीनंतर काढायची ठरली आहे, आणि गवंड्याला मी तेवढ्याच भागाची भिंत फोडायला सांगितले आहे.