सव्वासात मिलिमीटरचा चुना

गेल्या पावसाळ्यात माझ्या सायकलच्या क्रँकमधून, म्हणजे पॅडलच्या दांड्यांमधून, टकटक यायला लागली. सायकल जुनी, स्टीलची माउंटन बाइक. पुढे तीन दातेरी चकत्या, मागे आठ. आमचे पेठेतले सायकलवाले काका सोडून मी ती पुण्यातल्याच एका काचेच्या दाराच्या दुकानात नेली. एसीला भुललो, दुसरं काय! तिथल्या मुलाने क्रँक हलवल्यासारखी केली आणि म्हणाला, "सर, बीबी गेलंय. सील्ड टाका, पुढची दहा वर्षं बघायला नको." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्यावर फिरते तो फ्रेमच्या तळातला बेअरिंगचा भाग; सील्ड म्हणजे बंद बेअरिंगचं. बिल 1,650 रुपये. त्यावर एका नामांकित जपानी कंपनीचं नाव. मी ना खोकं मागितलं, ना काढलेला जुना भाग.

टकटक गेली आणि खरखर आली. पुढच्या मोठ्या चकतीवर चेन चढेना, चेन सरकवणाऱ्या डिरेलरचा स्क्रू पार सैल केला तरी. सिंहगडाच्या चढावर पुढे सगळ्यात लहान आणि मागे सगळ्यात मोठी चकती लावली, की जात्यासारखा आवाज. उलटं पॅडल मारलं की मागची चेन आपली आपण खालच्या चकतीवर. शिवाय पाय फाकवून चालवल्यासारखं वाटायचं आणि गुडघे दुखायचे. ते मी वयाच्या खात्यावर टाकलं.

परत गेलो. "चेन ताणलीय, कॅसेट झिजलीय." कॅसेट म्हणजे मागच्या चकत्यांचा संच. 2,900 रुपये. खरखर तशीच. तिसऱ्या फेरीत मात्र मालक स्वतः आले, एक डोळा मिटून मागून बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "फ्रेम वाकलीय. म्हणून चेनलाइन गेली. क्रँकसेट बदलून बघू, नाहीतर नवी सायकलच बघा."

चेनलाइन हा शब्द त्यांनी उच्चारला नसता तर मी बहुतेक क्रँकसेटही, म्हणजे क्रँक आणि पुढच्या चकत्यांचा संचही, घेतला असता. घरी येऊन वाचत बसलो. प्रकरण सोपं निघालं. सायकलच्या मध्यरेषेपासून पुढची मधली चकती किती बाहेर आहे आणि मागच्या चकत्यांचा मध्य किती बाहेर आहे, ही झाली चेनलाइन, आणि हे दोन आकडे जवळजवळ जुळायला हवेत. माझ्या सीटची नळी 28.6 मिलिमीटर जाड, म्हणजे निम्मी 14.3. नळीपासून मधल्या चकतीच्या दातापर्यंत 40.5. बेरीज 54.8. अशा तीन चकत्यांच्या सायकलला ती 47.5 ते 50 च्या आसपास असते. मागे चाकाची जागा 135, निम्मी 67.5, फ्रेमच्या आतल्या कडेपासून कॅसेटचा मध्य 22, म्हणजे राहिले 45.5. पुढे आणि मागे नऊ मिलिमीटरची तफावत!

वाकलेल्या फ्रेमचाही निकाल सुतळीने लागला. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून सुतळी पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणली आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. दोन्हीकडे सारखं. फ्रेम सरळ होती.

मग मान खाली घालून काकांकडे. त्यांनी टोमणा मारला नाही, हे जास्त लागलं. बीबीला फ्रेममध्ये धरणारा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, तो त्यांनी सवयीने घड्याळाच्या दिशेने फिरवून काढला आणि बीबी माझ्या हातात दिलं. कंपनीचं नाव कुठेच नाही. फक्त छापलेलं: 68 – 127.5. पहिला आकडा फ्रेमच्या नळीची रुंदी, तो बरोबर. दुसरा अॅक्सलची, म्हणजे बीबीतल्या आडव्या दांड्याची, लांबी. "दुकानात जे पडून होतं ते घातलं," काका म्हणाले. अॅक्सल दोन्हीकडे सारखा वाढतो, त्यामुळे लांबीतल्या फरकाच्या निम्मीच चकती सरकते. काकांनी 113 चं घातलं. 14.5 ची निम्मी सव्वासात, 54.8 वरून चेनलाइन 47.5 ला आली. लहान चकती फ्रेमला घासत नाही ना, हे त्यांनी चाक फिरवून दोनदा बघितलं. इथे आंधळेपणाने आखूड अॅक्सल घातला तर तीही पंचाईत. मजुरी 200. नव्या बीबीचं खोकं न मागताच हातात.

ते बेनामी बीबी आणि बिल घेऊन मी काचेच्या दारातून आत शिरलो. मालक म्हणाले, "साइजमध्ये उन्नीस-बीस चालतं, सर." मी बिलावरच्या कंपनीच्या नावावर बोट ठेवलं आणि ते नाव बीबीवर दाखवा म्हटलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. 1,650 रुपये परत मिळाले.

2,900 गेले ते गेलेच. चेन खरंच ताणली होती का, हे साध्या फूटपट्टीने कळतं: एका पिनेपासून मोजलं की बाराव्या इंचावर बरोबर पिन यायला हवी, ती एक-सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची. पण मोजायला चेन हवी. "जुनी चेन? ती तेव्हाच भंगारात गेली, सर."