गाडीला गॅस बसवताय? सीएनजी की ऑटो एलपीजी

पेट्रोलच्या गाडीला गॅस किट बसवायचं म्हटलं की गॅरेजवाला पहिल्यांदा भावाचं गणित मांडतो. ऐकून घ्या, पण सीएनजी किलोवर विकतात आणि ऑटो एलपीजी, म्हणजे गाडीसाठीचा स्वयंपाकाच्या गॅससारखा गॅस, लिटरवर, त्यामुळे दोन भाव शेजारी ठेवून काही कळत नाही. किलोमीटरमागे किती पडतं ते काढायला लावा. तेवढं झालं की भाव बाजूला ठेवा. मुंबईत निकाल लागतो तो गॅस भरणार कुठे आणि रात्री गाडी लावणार कुठे, यावर.

सीएनजी सिलिंडरमध्ये साधारण 200 बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळपास 200 पट दाबाने कोंबलेला असतो. गर्दीच्या वेळी पंपाचा दाब उतरला की सिलिंडर पुरता भरत नाही. शिवाय भराभर भरताना गॅस तापतो. पंपावर काटा 200 ला टेकलेला, घरी येऊन गाडी गार झाली की तोच काटा खाली. ‘पंपवाल्याने मारलं’ असं म्हणायची घाई करू नका, बहुतेक वेळा हा उष्णतेचाच खेळ असतो. रांगेबद्दल मुंबईकराला काय सांगायचं! नोव्हेंबर 2025 मध्ये चेंबूरकडे मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली, तेव्हा शहरभर रिक्षा-टॅक्सींचे हाल झाले. गॅसबरोबर पेट्रोलवरही चालणारी गाडी अशा दिवशी निभावून नेते, म्हणून पेट्रोलची टाकी कधी कोरडी ठेवू नये.

एलपीजी टाकीत द्रवरूपात असतो, दाबही त्या मानाने फारच कमी. टाकी लहान लागते. गोल चपटी टाकी तर स्टेपनीच्या जागेत बसते आणि डिकी मोकळी राहते. सीएनजीवाल्यांना इथे हेवा वाटावा. ही टाकी 80 टक्केच भरायची असते, कारण ऊन लागलं की द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. त्यासाठी टाकीत आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो. अडचण एकच, पण मोठी: मुंबईत ऑटो एलपीजीचे पंप हाताच्या बोटांवर मोजावेत इतके विरळ. मग कोणीतरी घरच्या बाटल्यातून भरून देणारा शोधतो. हे बेकायदा आहेच, शिवाय बंद खोलीत रबरी नळी लावून द्रव गॅस ओतणं म्हणजे एका ठिणगीची वाट बघणं.

आता पार्किंग. सीएनजी हवेपेक्षा हलका, गळला तर वर निघून जातो. एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, तो जमिनीलगत सरपटत गटारात, खड्ड्यात, तळघरात साचतो. हवेत जेमतेम दोन टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, सीएनजीला पाच टक्के लागतात. तळघरातलं किंवा खड्डा असलेलं यांत्रिक पार्किंग असेल तर माझ्या दृष्टीने एलपीजीचा विषय तिथेच संपतो. वर पत्रा ठोकून बंद केलेल्या गॅरेजात सीएनजीही छताखाली साठतो, तेव्हा वरच्या बाजूला झरोका हवाच.

म्हणून रोजचं फिरणं मुंबई-ठाण्यात असेल तर सीएनजी, आणि जमत असेल तर कंपनीतून बसवून आलेला. गाडी उघड्यावर उभी राहते, नेहमीच्या रस्त्यावर एलपीजीचा पंप आहे आणि डिकीत माल भरायचा असतो, अशा माणसाने एलपीजी घ्यावा. बाकीच्यांनी उगाच मोहात पडू नये.

किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर आहे का ते बघा, आरसीवर इंधनाची नोंद करून घ्या, विमा कंपनीला कळवा. नोंद नसेल तर अपघातानंतर दावा अडकतो. जुनी सीएनजी गाडी घेताना डिकीतली चटई उचलून सिलिंडरच्या चाचणीची प्लेट वाचा. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने सिलिंडरची चाचणी, लागते. तारीख उलटून गेली असेल तर टेस्टचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा, आणि ती होईपर्यंत गॅस भरू नका.