‘दिसते’, ‘वाटते’, ‘म्हणे’: भाषांच्या एका जागतिक नकाशाचे परीक्षण

एखादी गोष्ट खरी आहे असे ठामपणे न सांगता, ती खरी असल्याचे दिसते, वाटते किंवा ऐकिवात आहे एवढेच सांगण्याची सोय जगातील भाषांनी कशी केली आहे, हा प्रश्न घेऊन मी ‘वर्ल्ड ॲटलस ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’ या सेवेकडे वळलो. अभ्यासक तिला थोडक्यात ‘वॉल्स’ म्हणतात. लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत तयार झालेला हा संग्रह २००५ साली जाडजूड ग्रंथाच्या रूपात निघाला आणि २००८ पासून तो संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य खुला आहे. मॅथ्यू ड्रायर आणि मार्टिन हास्पेलमाथ हे त्याच्या संपादकांपैकी प्रमुख. व्याकरणाचे एकेक वैशिष्ट्य घ्यायचे, शेकडो भाषांत ते कसे आढळते ते पाहायचे आणि प्रत्येक भाषेचा एक रंगीत ठिपका जगाच्या नकाशावर ठेवायचा, अशी त्याची साधी रचना आहे. हे परीक्षण संपूर्ण संग्रहाचे नाही. माझ्या प्रश्नाशी संबंध असलेली ७७ आणि ७८ क्रमांकाची प्रकरणे, आणि त्यांच्या आगेमागे येणारे थोडेसे, एवढ्यापुरतेच ते मर्यादित आहे.

ही दोन्ही प्रकरणे फर्डिनांड डे हान यांनी लिहिली आहेत आणि दोन्हींत तेच ४१८ भाषांचे नमुने आहेत. विषय आहे ‘इव्हिडेन्शियॅलिटी’, म्हणजे बोलणाऱ्याला ती माहिती कुठून मिळाली हे दाखवणारी व्याकरणातील खूण. मराठीत तिला प्रमाणदर्शकता म्हणावे, कारण प्रमाणांची चर्चा आपल्याला नवी नाही. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. त्यांतील उपमान बाजूला ठेवले, तर उरलेली तीन या नकाशाला चपखल लागू पडतात. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष, खुणांवरून ताडले ते अनुमान आणि दुसऱ्याकडून ऐकले तो शब्द. ४१८ पैकी १८१ भाषांत अशी व्याकरणिक खूण नाही, १६६ भाषांत केवळ अप्रत्यक्ष माहितीची खूण आहे आणि ७१ भाषांत प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष अशा दोन्ही माहितीच्या खुणा आहेत, असे ७७वे प्रकरण सांगते. म्हणजे निम्म्याहून अधिक भाषांत माहितीचा उगम दाखवण्याची सोय व्याकरणातच आहे. केवळ युरोपीय भाषांच्या अनुभवावरून व्याकरणाची कल्पना बांधलेल्या वाचकाला हा आकडा चकित करील.

नकाशा खरा बोलका होतो तो रंगांच्या वाटपात. दक्षिण अमेरिकेचे ॲमेझॉन खोरे, उत्तर अमेरिकेचा पश्चिम भाग, कॉकेशस आणि हिमालयाचा पट्टा येथे खुणा असलेल्या भाषांची दाटी आहे; आफ्रिकेत त्या विरळ आहेत. तुयुका ही कोलंबिया आणि ब्राझील यांच्या सीमेवरील भाषा याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. तिच्यात ‘तो फुटबॉल खेळला’ एवढे साधे वाक्यही प्रमाण न सांगता पुरे होत नाही. मी पाहिले, मी नुसता आवाज ऐकला, मैदानावर उमटलेल्या खुणा पाहिल्या, कोणीतरी मला सांगितले, किंवा त्या वेळी तो खेळतोच म्हणून मी गृहीत धरले, या पाचांपैकी एक क्रियापदाच्या शेपटाशी जोडावेच लागते. येथे ‘दिसते’ हे स्वतंत्र क्रियापद घेण्याची गरजच उरत नाही, कारण तिसऱ्या प्रत्ययात ते सामावलेले आहे.

या प्रकरणातील जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली ती मात्र कोणत्याच ठिपक्यात नाही. नकाशाच्या सूचीत तीनच रंग आहेत. ‘फक्त प्रत्यक्षाची खूण’ असा चौथा रंग तेथे नाही. पाहिलेल्या गोष्टीवर वेगळा शिक्का मारणारी भाषा न पाहिलेल्या गोष्टीवरही मारते. उलट, न पाहिलेल्या गोष्टीवर शिक्का मारून पाहिलेली गोष्ट तशीच मोकळी सोडणाऱ्या भाषा मात्र विपुल आहेत. अनेक नोंदी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय असे निरीक्षण हाती लागत नाही आणि अशा सेवेचे खरे सामर्थ्य तेच आहे.

आता तक्रारीकडे वळतो. माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने या नकाशाचा सर्वांत मोठा दोष असा की, त्याने अनुमान आणि शब्द या दोन प्रमाणांना ‘अप्रत्यक्ष’ या एकाच रंगात बुडवले आहे. ‘दिसते’ आणि ‘म्हणे’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढे सगळे त्या रंगाखाली पुसले जाते. जपानी भाषेतील एक जोडी पाहावी. ‘आमे गा फुरिसोऽ दा’ म्हणजे पाऊस येईलसा दिसतो, आणि ‘आमे गा फुरु सोऽ दा’ म्हणजे पाऊस येणार आहे म्हणे. ‘सोऽ दा’ दोन्हीकडे तेच आहे, आधीच्या क्रियापदाचे रूप तेवढे बदलते. आणि तेवढ्याने आभाळाकडे पाहून बोलणारा आणि हवामानाचे वृत्त ऐकून बोलणारा वेगळे ओळखू येतात. याशिवाय ‘दिसते, वाटते’ अशाच अर्थाची ‘योऽ दा’, ‘राशिई’ आणि ‘मिताई’ ही रूपे आहेतच, ज्यांच्यातील छटा उलगडताना जपानी शिकणाऱ्यांची दमछाक होते. पेरूतील कुस्कोच्या क्वेचुआ भाषेत ‘-सि’ हा प्रत्यय ऐकीव माहितीचा आणि ‘-चा’ हा अंदाजाचा, असा स्वच्छ भेद आहे. दोन खुणा वेगळ्या ठेवणाऱ्या भाषांना आणि दोन्ही अर्थ एकाच खुणेत भरणाऱ्या भाषांना नकाशा वेगळे दाखवत नाही.

दोन्ही अर्थ एका खुणेत भरणारी सर्वांना ठाऊक असलेली भाषा म्हणजे तुर्की. ‘गेल्दी’ म्हणजे तो आला, आणि ‘गेल्मिश’ म्हणजे तो आला म्हणे, किंवा दारातले जोडे पाहता तो आलेला दिसतो. अकराव्या शतकात महमूद अल-काश्गरी याने तुर्की भाषांच्या आपल्या कोशात या दोन प्रत्ययांतील भेद, पाहिलेली आणि न पाहिलेली घटना असा, नोंदवून ठेवला आहे. त्याच्याही कितीतरी आधी पाणिनीने ‘परोक्षे लिट्’ (३.२.११५) या सूत्रात संस्कृतच्या एका संपूर्ण भूतकाळाला ‘बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेले’ अशी अट घातली. मग प्रश्न असा आला की, हा काळ प्रथमपुरुषी, म्हणजे ‘मी’बरोबर, कसा वापरायचा? स्वतःची कृती स्वतःच्या डोळ्यांआड कशी होईल? परंपरेने दिलेले उत्तर मोठे रसाळ आहे: ‘सुप्तोऽहं किल विललाप’, म्हणजे झोपेत मी बडबडलो म्हणे. तुर्की माणूस डुलकीतून दचकून उठला की नेमके याच न्यायाने ‘उयुमुशुम’ म्हणतो. मला झोप लागलेली दिसते. संस्कृत वाक्यातील ‘किल’, तुर्की ‘-मुश’ (‘गेल्मिश’मधल्या ‘-मिश’चेच रूप) आणि मराठीतील ‘म्हणे’ किंवा ‘दिसते’ यांना एका ओळीत बसवणारी ही कडी या नकाशावर सापडत नाही. एका भाषेला एक ठिपका या पद्धतीत इतिहासाला जागाच नाही, त्यामुळे हा दोष मी फार ताणत नाही; पण विषयाची गंमत जिथे आहे तिथे नकाशा मुका होतो, हे नोंदवणे भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. नकाशात फक्त व्याकरणिक खुणांची गणना होते. क्रियापदे, क्रियाविशेषणे आणि वाक्प्रयोग यांची होत नाही. कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. परंतु त्यामुळे ज्या १८१ भाषा ‘खूण नाही’ या रंगात पडतात, त्या जणू या बाबतीत दरिद्री आहेत असा वाचकाचा समज होऊ शकतो, आणि वस्तुस्थिती तशी मुळीच नाही. क्रियापदांचे हे दालन विलक्षण श्रीमंत आहे. लॅटिनमध्ये ‘पाहणे’ या धातूचे कर्मणी रूप ‘विदेतुर’ हेच ‘दिसते, वाटते’ या अर्थाने येते. आपले ‘दिसते’ संस्कृतच्या ‘दृश्यते’ या तशाच कर्मणी रूपावरून आले. जर्मनमध्ये ‘शाइनेन’ म्हणजे प्रकाशणे आणि वाटणेही. आपले ‘भासणे’ ज्या ‘भास्’ धातूचे, त्याचाही मूळ अर्थ प्रकाशणे हाच. जे डोळ्यांना दिसते आणि जे चकाकते, त्यांवरून दूरदूरच्या भाषांनी ‘वाटणे’ घडवले. फरक इतकाच की मराठीत ‘भासते’ म्हणताच वस्तुतः तसे नाही अशी कुणकुण लागते, ‘आभास’ या शब्दात तर ती खात्रीच होते, आणि जर्मन क्रियापद मात्र त्या मानाने तटस्थ राहते.

वाक्याची घडण बदलली की प्रमाण बदलते, हेही या दालनात दिसते. फ्रेंचमध्ये ‘इल पारे मालाद’ म्हणजे तो आजारी दिसतो, पण ‘इल पारे क’ अशी सुरुवात केली की तेच क्रियापद ‘असे म्हणतात की’ या अर्थावर जाते; दृष्टीचे क्रियापद श्रवणाचे होऊन बसते. मराठीत ‘तो आजारी दिसतो’ असे म्हणायला त्याला समोर पाहिलेले असावे लागते; ‘तो आजारी आहे असे दिसते’ हे वाक्य मात्र त्याची रिकामी खुर्ची पाहूनही म्हणता येते. ‘तो आजारी असावा’ म्हटले की खूणही दुय्यम होते आणि केवळ तर्क उरतो. ‘मला वाटते’ मध्ये जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. पण ‘मला वाटले, तू येणार नाहीस’ असे भूतकाळात म्हटले की तो समज चुकीचा ठरला, हे न सांगताच कळते. एकाच भाषेच्या एवढ्याशा कोपऱ्यात जर इतके भेद असतील, तर व्याकरणिक खूण नाही म्हणून एखाद्या भाषेला कोऱ्या रंगात टाकणाऱ्या वर्गीकरणाकडे जपूनच पाहावे लागते.

रेघ ओढण्याची अडचण ‘म्हणे’ या शब्दात सर्वाधिक जाणवते. व्युत्पत्तीने ते ‘म्हणणे’ या क्रियापदाचे रूप आहे, पण ‘उद्या सुट्टी आहे म्हणे’ या वाक्यात म्हणणारा कोण, असे कोणी विचारत नाही. पुरुष, वचन, काळ सगळे गळून तो वाक्याला चिकटणारा निपात, म्हणजे रूप न बदलणारा छोटा शब्द, झाला आहे. शिवाय त्यात उपहासाची धारही येते: ‘मोठे शहाणे म्हणे!’ याला व्याकरणिक खूण मानावे की शब्द? प्रकरण ७८ मध्ये खुणेच्या स्वरूपानुसार जी विभागणी आहे, तीत प्रत्यय किंवा चिकटशब्द असलेल्या १३१ भाषा आणि स्वतंत्र निपात असलेल्या ६५ भाषा येतात. निपातांना तेथे जागा आहे, हे समाधानकारक आहे. पण क्रियापदाचा निपात केव्हा झाला, हे ठरवणाऱ्याच्या हातात ठिपक्याचा रंग राहतो.

याच प्रकरणातील सर्वांत लहान गट मात्र मला फार आवडला. ‘पाहिजे’, ‘लागते’ अशा अर्थाच्या साहाय्यक क्रियापदांनाच प्रमाणदर्शक काम देणाऱ्या सातच भाषा त्यात आहेत, आणि डच भाषेतील ‘मूटन’ हे त्याचे उदाहरण आहे. जर्मनची गंमत अशीच. ‘एर झोल राइश झाइन’ म्हणजे तो श्रीमंत आहे म्हणतात. ‘झोलन’च्या जागी ‘इच्छिणे’ अर्थाचे ‘वोलन’ घातले की ‘तो स्वतःच तसा दावा करतो’ असा अर्थ होतो. लोकांचे म्हणणे आणि त्याचे स्वतःचे म्हणणे, हा फरक करण्यासाठी मराठी बातमीदाराला ‘असल्याचे समजते’ आणि ‘असल्याचा दावा केला’ अशी लांबलचक शेपटे लावावी लागतात. फ्रेंच बातमीदार त्यासाठी संकेतार्थी रूप वापरतो: ‘सरे’ एवढ्या एका शब्दात ‘असल्याचे समजते’ आटोपते.

शक्यता दाखवणाऱ्या खुणांचे, म्हणजे ‘असेल’, ‘असू शकेल’ या अर्थाचे, प्रकरण वेगळे आहे (क्रमांक ७५) आणि त्यात २४० भाषांचाच नमुना आहे. दोन नकाशे एकमेकांवर ठेवून पाहण्याची सोय उत्तम आहे, परंतु दोन्ही प्रकरणांत समान असलेल्या भाषांपुरतेच चित्र उमटते, त्यामुळे ‘दिसते’ आणि ‘असेल’ यांचा संबंध तपासताना हाती थोडेच लागते. मजकूर इंग्रजीत आहे आणि उदाहरणवाक्यांखालील संक्षेपांची भाषा सरावाशिवाय कळत नाही.

तेव्हा गुण द्यायचे तर नकाशा म्हणून पाचांपैकी साडेचार आणि ‘वाटणे’ या अर्थाचा कोश म्हणून दोन. अनुवादकाने याच्याकडून प्रतिशब्दाची अपेक्षा ठेवू नये. पण तुर्की वा तिबेटी मजकूर हाती घेण्यापूर्वी येथे डोकावले, तर मूळ वाक्यातल्या एखाद्या प्रत्ययात दडलेले ‘म्हणे’ अनुवादातून गळण्याचा धोका कमी होतो. वापरताना आधी प्रकरणाचा मजकूर वाचावा, लेखकाने काय मोजले आणि काय वगळले ते पाहावे, आणि मगच नकाशा उघडावा; मी उलट क्रमाने गेलो आणि पहिले काही दिवस ‘खूण नाही’ याचा अर्थ ‘सोय नाही’ असाच घेत राहिलो.