जुना कागद की जुनं कापड?

कोलाज किंवा हाताने बांधलेल्या वह्यांसाठी जुनं सामान जमवायचं, तर माझा कौल कापडाला. रद्दीच्या दुकानात जुन्या चोपड्या, पावत्या, पोस्टकार्डं स्वस्तात मिळतात आणि शाईची अक्षरं म्हणजे आयती नक्षीच. पण लाकडाच्या लगद्याचा गिरणी-कागद पिवळा पडतो, घडीवर तुटतो. चिंध्यांपासून केलेला हातकागद मात्र टिकतो. मोडी या मराठीच्या जुन्या लिपीत लिहिलेलं पान हाती आलं, तर कृपा करून कात्री लावू नका. १९५०च्या आसपास मोडी शाळांतून गेली, वाचणारे थोडे उरले. आधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी दाखवा, कलाकृतीत छायाप्रत लावा.

कापडात सुधारायला वाव असतो, टाका उसवून पुन्हा घालता येतो. विरलेलं इरकल, खणाच्या चोळीचा तुकडा, नऊवारीचे काठ घरच्या ट्रंकेत, बोहारणीकडे किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सापडतात. सुती तुकडे रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. रंग जातो का, ते आधी कोपऱ्यावर बघा. रेशीम चिरत असेल, तर मागून मलमलीचं अस्तर द्या. काळवंडलेली जरतार घासू नका, खऱ्या चांदीची असू शकते. अख्खी, नेसण्याजोगी पैठणी असेल, तर ती कापूच नये.