हात लावताच उजळणारं जाळं की जिवंत धिंगरी?

जमिनीखालच्या बुरशीच्या जाळ्यावर कलाकृती मांडायची, तर आधी पाहा, माणूस तिच्यासमोर किती वेळ थांबणार. तीन दिवसांचं प्रदर्शन आणि शाळेची पोरं असतील, तर हात लावताच उजळणारं एलईडी दिव्यांचं जाळं करा.

त्यासाठी साधा ईएसपी-३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड घ्या. त्याला स्पर्श ओळखणाऱ्या १० पिना असतात. त्याच्याच सी-३ या प्रकारात एकही नाही. डब्ल्यूएस-२८१२बी या एलईडी पट्टीचे ५ मीटर, म्हणजे ३०० दिवे, पूर्ण पांढरे पेटले की १८ अँपिअरपर्यंत ओढतात. प्रोग्राममध्ये उजेड ३० टक्क्यांवर अडवा, मग ५ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय पुरतो. वीज दोन्ही टोकांना जोडा, नाहीतर शेवटचे दिवे पिवळट पडतात. स्पर्शाची वायर जितकी आखूड तितकी बरी. पावसाळी दमट हवेत स्पर्शाच्या पिनेचे आकडे सरकतात आणि कुणी हात न लावताच जाळं पेटतं. म्हणून हात न लावतानाचा मूळ आकडा प्रोग्रामला दर थोड्या वेळाने नव्याने घ्यायला लावा.

महिनाभर जागा मिळणार असेल आणि लोक पुन्हा येणार असतील, तर मात्र जिवंत धिंगरी अळंबीच लावा. ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या गरम पाण्यात ठेवून निथळलेला ५ किलो ओला पेंढा आणि १०० ते १५० ग्रॅम स्पॉन, म्हणजे धान्याच्या दाण्यांवर वाढवलेलं अळंबीचं बियाणं, पिशवीत भरा. पिशवी १५-२० दिवसांत पांढरी होते: आधी दाण्याभोवती कापसासारखं वलय, मग काडीकाडीवरून सरकणारे तंतू. हिरवा डाग दिसला की ती पिशवी लगेच बाहेर काढा. छत्र्या सपाट होण्याआधी तोडा. बीजाणू दमेकऱ्यांना त्रास देतात.

पिशवीत स्टीलच्या सुया खुपसून बुरशीतले विद्युत संकेत वाचता येतात. इतर चार बुरशींवरच्या २०२२ च्या एका अभ्यासात ते ०.०३ ते २.१ मिलिव्होल्ट मोजले गेले. एडीएस-१११५ ही व्होल्टेज मोजणारी चिप सर्वांत जास्त गेनवर (संकेत मोठा करण्याच्या पातळीवर) ०.००८ मिलिव्होल्टची पायरी दाखवते, तेव्हा मोजमाप जमतं. पण धिंगरीत हे चढउतार मिनिटांच्या गतीने होतात. हात लावताच आलेखाची रेषा उडाली, तर ती बुरशी नव्हे, वायरीजवळ आलेला हात आहे. शील्ड केलेली वायर वापरा आणि अर्ध्या तासाचा आलेख भिंतीवर दाखवा.

प्रोजेक्टरने भिंतीवर जाळं दाखवण्याचा पर्याय फक्त अंधारी खोली असेल तरच.

फलकावर काय लिहिता, तेही जपा. धिंगरी मेलेल्या काडीवर जगते, झाडांच्या मुळांना ती जोडत नाही. झाडं जोडणाऱ्या बुरशी वेगळ्या. कॅनडाच्या वनशास्त्रज्ञ सुझन सिमार्ड यांच्या १९९७ च्या प्रयोगात बर्च आणि डग्लस फरच्या रोपांमध्ये कार्बनची देवघेव दिसली. २०२३ च्या एका आढाव्याने मात्र जंगलातले पुरावे अपुरे असल्याचं दाखवलं. ‘झाडं एकमेकांशी बोलतात’ असं लिहू नका.